डावा आणि बल

लहानपणी सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलं की येताना छर्‍याची प्लास्टिकची बंदूक ठरलेली असायची. आई नको म्हणायची, आजी घेऊन द्यायची आणि दोन दिवसात तिची स्प्रिंग तुटायची. त्यातले पिवळे छरे सहा मिलिमीटरचे, आणि जगभर एअरसॉफ्ट, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांनी एकमेकांना प्लास्टिकच्या गोळ्या मारायचा खेळ, खेळणारे लोक जे गोळे वापरतात ते पण सहा मिलिमीटरचेच, हे मला कळलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर सेकंड शिफ्ट करत होतो. रात्री घरी आल्यावर झोप लागायची नाही, मग मोबाईलवर हेच व्हिडिओ बघत बसायचो. जपानमध्ये सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगता येणं जवळजवळ अशक्य, त्यातनं १९७० च्या दशकात तिथं हा खेळ सुरू झाला. गोळी लागली तरी अंगावर खूण राहत नाही, त्यामुळं ज्याला लागली त्यानं स्वतःहून हात वर करून बाहेर जायचं, सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो. मला ते फार आवडलं.

आम्ही आठ जण जमलो. मी, माझा मावसभाऊ, खानापूरकडचा एक मेडिकल दुकानवाला, कॅम्पातला एक जिम ट्रेनर, फौंड्रीतले दोघं, आमच्या गल्लीतला एनसीसीचं सी सर्टिफिकेट काढलेला एक जण आणि माझ्याच कंपनीत क्वालिटीला असलेला गोकाककडचा कन्नड पोरगा. त्याला मराठी समजतं सगळं, बोलताना मध्येच अडतो. आठही जण तब्येतीनं चांगले, पळायला पक्के, त्यामुळं आपल्याला जमणारच असं आम्ही धरूनच चाललेलो.

पुण्याजवळ एका मैदानावर बंदुका, मास्क, गोळ्या सगळं भाड्यानं मिळतं असं कळलं, आणि २०२३ च्या गणपतीनंतर दोन गाड्या काढून आम्ही गेलो, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पहाटे दोनला निघालो ते निपाणी, कोल्हापूर, सातारा करत नऊला मैदानावर. तिथं पहिल्यांदा क्रोनो बघितला, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र. बंदुकीचं तोंड त्याच्यासमोर धरून ०.२० ग्रॅमची गोळी मारायची, ती सेकंदाला ३५० फुटांच्या वर गेली तर ती बंदूक त्या मैदानावर चालत नाही. ३५० फूट म्हणजे साधारण १.१४ ज्यूल, उघड्या कातडीवर जवळनं लागली तर वळ उठतो आणि डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून सेफ झोनच्या, म्हणजे जिथं गोळी मारायला बंदी त्या जागेच्या, बाहेर मास्क काढायचा नाही म्हणजे नाही.

समोरची टीम आमच्यासारखीच आठ जणांची, आयटीत काम करणारे लोक, त्यात दोन मुली, चौघं चष्मेवाले. तीन राउंड झाले आणि तिन्ही आम्ही हरलो, एक पण राउंड दहा मिनिटं टिकला नाही. त्यांच्या कॅप्टन म्हणजे एक ताई होत्या, खूप चांगल्या वागल्या, जेवताना जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही लोक पळता छान, पण एकमेकांशी बोलत नाही. आम्हाला ते पटेना, कारण ओरडून ओरडून आमचे घसे बसलेले. मग त्यांनी त्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला. त्यात झाडीच्या पलीकडनं आमचाच आवाज येऊलाय, मास्कमधनं, वाऱ्यावर, आणि ऐकू येतंय फक्त "...वीकडे! ...वीकडे!" डावीकडे का उजवीकडे ते देवाला माहीत. त्या "वीकडे"वर आमची अर्धी टीम एका बाजूला वळते, अर्धी दुसऱ्या, आणि दोन्हीकडनं त्यांची माणसं निवांत आम्हाला टिपतात.

परत येताना गाडीत कराडपर्यंत कोण बोललं नाही.

शिकवणार कोण हा प्रश्न होता. आता बेळगावात राहून हा प्रश्न पडायला नको, कारण मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून इथंच आहे, कमांडो ट्रेनिंग इथं चालतं, आणि पश्चिमेकडच्या प्रत्येक गावात पलटणीतनं रिटायर होऊन आलेली चार माणसं तरी सापडतात. माझ्या आईचे चुलतभाऊ असेच हवालदार म्हणून रिटायर झालेले, उचगावच्या पुढं चंदगडच्या हद्दीला लागून त्यांचं गाव, भात आणि रताळी करतात, वरच्या अंगाला काजू आहे. मी आणि मावसभाऊ एका रविवारी जाऊन भेटलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं, व्हिडिओ बघितला, चहा संपवला आणि म्हणाले, "बंदूक हा खेळ नव्हे रे." आम्ही गप्प बसलो. मामी आतनं म्हणाल्या, पोरं एवढ्या लांबनं आल्यात, निदान बोला तरी. तेव्हा मामा म्हणाले, शिकवतो, खरं पहिले चार रविवार बंदूक आणायची नाही. काठी आणा.

तर २०२३ च्या दिवाळीनंतर भात कापून झाल्यावर आम्ही आठ जण काठ्या घेऊन मामांच्या मोकळ्या गाद्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यांत, जायला लागलो. सकाळी साडेसहाला हजर, सेकंड शिफ्टवाल्यांना पण सूट नाही.

पहिला रविवार पूर्ण बघण्यात गेला. मामांनी आम्हाला बांधावर उभं केलं आणि समोरच्या काजूत त्यांचा पुतण्या कुठं बसलाय ते शोधा म्हणाले, अंतर शंभर पावलं असेल. आम्हाला सापडला नाही. मग त्यांनी त्याला नुसतं डोकं हलवायला सांगितलं आणि आठही जणांना एकदम दिसला. मग शिकवलं की वस्तू कशामुळं दिसते: तिचा आकार, तिची सावली, आकाशावर उठलेली तिची काळी आकृती, तिची चमक, दोन वस्तूंमधलं सारखं अंतर, आणि सगळ्यात जास्त हालचाल. हे एनसीसीवाल्याला पाठ होतं, घडाघडा म्हणून दाखवलं त्यानं, खरं तोच बांधावर ताठ उभा राहिलेला, पाठीमागं मोकळं आकाश. मामांनी त्याला काय सुनावलं नाही, हाताला धरून खाली बसवलं. बांधावरनं कधी बघायचं नाही, बांधाच्या कडेनं बघायचं, हे त्या दिवशी अंगात बसलं. आता गावातनं चालताना पण मी आपोआप कोपऱ्याच्या कडेनं बघतो.

दुसरी गोष्ट आडोशाची. मामा म्हणाले, नजरेपासनं आड वेगळी आणि गोळीपासनं आड वेगळी, करवंदीच्या जाळीत बसलास तर दिसणार नाहीस, खरं गोळीला जाळी काय करणार? इथं मी त्यांना आमच्या खेळाचं सांगितलं, की आमची गोळी प्लास्टिकची, पाव ग्रॅमच्या आसपास, तिला फांदीचं एक पान लागलं तरी ती भलतीकडे जाते. बंदुकीच्या नळीत एक रबर असतं, त्यानं गोळीला उलटी फिरकी मिळते आणि त्या फिरकीवर ती हवेत तरंगत लांब जाते, खरं वेग झपाट्यानं कमी होतो आणि चाळीस मीटरवर पोचायला पाऊण-एक सेकंद लागतो. तेवढ्यात समोरचा माणूस बाजूला होऊ शकतो. मामांना हे नवीन होतं, त्यांनी बारीक बारीक प्रश्न विचारले आणि मग बराच वेळ काजूकडे बघत बसले. मग म्हणाले, तर मग तुमच्या खेळात लांबनं मारण्यात अर्थ नाही, तुम्हाला जवळ जायला शिकायला पाहिजे. ह्या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं ट्रेनिंग उभं आहे.

जवळ जायचं म्हणजे जोडीनं जायचं. एक जण बघत राहणार, दुसरा पळणार, आणि पळणं तीन ते पाच सेकंदाचं, त्याच्या वर नाही. मामा मोठ्यानं मोजायचे आणि पाच म्हणताना जो उभा असेल त्याला परत सुरुवातीच्या बांधावर पाठवायचे. एका गादीतनं दुसऱ्या गादीत जायला आम्हाला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. भाताचे खुंट टोचतात, ढोपरं सोलतात, तांबडी माती घामाला चिकटते. अवघड काय होतं सांगू, पळणं नव्हे, थांबून राहणं. आपला जोडीदार पळत असताना आपण हलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं पण नाही, समोर बघत राहायचं आणि तो पोचला हे फक्त आवाजावरनं कळून घ्यायचं. जिम ट्रेनरला हे सगळ्यात जड गेलं, सारखा मान वळवायचा. त्याची जोडी मेडिकलवाल्याबरोबर लावली तेव्हा सुधारला, कारण मेडिकलवाला दिवसभर काउंटरमागं एका जागी उभा राहून लोकांकडे बघणारा माणूस, त्याच्याकडे तो धीर उपजत आहे. जोड्या दोस्तीवरनं लावायच्या नाहीत, स्वभावावरनं लावायच्या हे मी त्यातनं शिकलो. मावसभाऊ आणि मी लहानपणापासनं एकत्र, खरं आमची जोडी मोडून मला गोकाकच्या पोराबरोबर लावलं मामांनी, आणि तेच बरोबर होतं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. काठ्या घेऊनच खेळत होतो, ज्यानं आधी बघून नाव घेतलं त्यानं मारलं असं धरायचं. फौंड्रीतला एक जण, लहानपणी आपण म्हणतो तसं, हात वर करून "मेलो मेलो" म्हणत बाहेर आला. मामांनी सगळं थांबवलं. त्याला जवळ बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "मेलो म्हणायचं नाही. जो जातो तो बोलत नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोणाबद्दल बोलूलेत ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, पाच-दहा मिनिटं सगळे बांधावर तसेच बसून राहिलो, मामींनी आंबील पाठवलेली ती प्यालो. त्या दिवसापासनं आमच्यात गोळी लागली की "लागली" म्हणायचं, हात सरळ वर, आणि गप्प बाहेर. लागली का नाही असा संशय असला तरी लागलीच धरायचं. मला विचाराल तर ज्या टीमला हे जमत नाही तिला बाकीचं काय शिकवून उपयोग नाही.

आता त्या "वीकडे"चं.

मामांचं म्हणणं की पलटणीत दाहिने-बाएं वापरतात, तेच वापरा. दोन रविवार वापरलं. सावकाश चालताना सगळं बरोबर, जरा पळापळ झाली की कोणाच्या तोंडात ते येईना. मग कोणीतरी म्हणालं लेफ्ट-राइट करूया. ते तर लगेच फसलं, कारण इथं बसचा कंडक्टर राइट म्हणाला की गाडी पुढं जाते, ट्रक मागं घेताना पण राइट राइट म्हणतात, बोलण्यात हो म्हणायला पण राइट. मी राइट म्हणून ओरडलो आणि फौंड्रीवाला सरळ पुढं पळत गेला. घड्याळाचे आकडे करून बघितले, दहा वाजता, दोन वाजता, ते शत्रू कुठं आहे सांगायला चांगलं, अजून वापरतो, खरं आपल्या माणसाला वळवायला उपयोगी नाही, कारण ज्याचं तोंड जिकडे त्याचं बारा तिकडे. फोनवर ग्रुप कॉल लावून कानात घालून पण बघितलं, काजूत शिरलं की रेंज जाते.

मग मी कंपनीत जसं करतो तसं केलं, म्हणजे मोजून बघायचं. एकाला मास्क घालून साठ पावलांवर पाठमोरा उभा केला, दुसऱ्यानं मास्कमधनं कागदावर लिहिलेले शब्द उलटसुलट क्रमानं ओरडायचे आणि पहिल्यानं काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं. वारा असताना एकदा, नसताना एकदा. डावीकडे-उजवीकडे निम्मे चुकले. डावा-उजवा थोडं बरं, खरं शेवटी दोन्हीकडे "वा" आहेच. कन्नडात एडक्के-बलक्के, तिथं पण शेपूट सारखंच. गोकाकचा पोरगा म्हणाला, नुसतं एड आणि बल म्हणून बघ. एड हा शब्द मास्कमधनं बाहेरच येईना, सुरुवातच तोंड उघडून होते. बल मात्र साठ पावलांवरनं स्वच्छ. ब म्हणताना ओठ मिटून उघडतात, आवाज फुटून बाहेर येतो.

आणि एक गोष्ट वही बघताना लक्षात आली. आमच्यातल्या मराठी माणसाला घाई झाली की त्याच्या तोंडातनं डावा हेच येणार, ते तुम्ही कितीही शिकवा बदलत नाही, लहानपणी जे शिकलंय तेच बाहेर पडतं. म्हणजे डावा ठेवायचाच. बदलायचा तर उजवा बदलायचा. डावा आणि बल, दोन्ही शब्द एकमेकांसारखे कुठल्याच बाजूनं नाहीत, एक लांब आवाजाचा, एक तोकडा. वहीत एखादाच चुकला. तेव्हापासनं आमच्या टीमचा डावा मराठी आहे आणि उजवा कन्नड. गोकाकच्या पोराला उलट आपला एड विसरायला लागला, तो त्यानं आमच्यात सगळ्यात लवकर विसरला. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा स्वतः ओरडून बघितलं, "बल! बल!" आणि मान हलवली.

टोपणनावं पण त्याच पद्धतीनं ठरवली. खरी नावं चालत नाहीत, आठ जणांत तिघांची नावं एकाच अक्षरानं सुरू होणारी. कुंदा, भाकर, टिकाव, पोपट, अशी. ओरडून बघितल्याशिवाय एकही नाव पक्कं केलं नाही. बोलायचं कसं ते पण ठरलं: आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग दिशा, मग काय ते. "भाकर, बल, दोघं." बस. ऐकणाऱ्यानं उलटून तोच शब्द म्हणायचा, "बल", म्हणजे ऐकलं हे कळतं. ऐकलं नाही तर गप्प राहायचं. आधी आम्ही ऐकू नाही आलं तरी हा हा म्हणायचो, आणि त्या हा हा मुळं पुण्यात आमचा घात झालेला.

डिसेंबरात बंदुका आल्या, म्हणजे जेल ब्लास्टर. एअरसॉफ्टची बंदूक बेळगावच्या दुकानात मिळत नाही, बाहेरनं मागवायची तर कस्टमची भानगड, आणि खऱ्यासारखी दिसणारी वस्तू घेऊन फिरणं आम्हाला कोणालाच नको होतं. जेलच्या बंदुका रंगीबेरंगी असतात, ऑनलाइन मिळतात, त्यात पाण्यात तीन-चार तास भिजवून फुगवलेले सात-आठ मिलिमीटरचे मऊ गोळे जातात. पंधरा-वीस मीटरच्या पुढं काय लागत नाही. म्हणजे अंतर एअरसॉफ्टच्या निम्म्याहून कमी, तर आम्ही सगळंच निम्मं केलं, बांध जवळचे धरले. त्यामुळं जवळ जायची सवय आणखी पक्की झाली. मामांच्या गावच्या पंचांना जाऊन सांगितलं, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज देऊन ठेवला, आणि गाडीतनं उतरल्यापासनं शेतात पोचेपर्यंत बंदूक बॅगेतच. ज्यांना असं कायतर सुरू करायचं आहे त्यांनी हे आधी करा, बाकीचं नंतर.

शेताचे पण नियम आहेत. शेजारच्या रताळ्याच्या वरंब्यावर पाय पडला तर त्या दिवशीचा खेळ बंद, मग कोणाचाही पडू दे. आणि जेलचे गोळे सांडू द्यायचे नाहीत, विशेषतः कोरडे. ते पाण्यात कितीतरी पट फुगतात, लहान पोरानं किंवा वासरानं गिळले तर आतड्यात फुगून बसतील. म्हशी त्याच गाद्यांत चरायला येतात. गोळे भरायचं काम एका ताडपत्रीवरच करायचं, खेळ झाला की सगळ्यांनी एका रांगेत चालत जाऊन वेचायचं.

एकच अपघात झाला आणि तो सांगायलाच पाहिजे. फेब्रुवारीतली सकाळ, दव खूप, मास्कच्या काचेवर आतनं वाफ धरायची. मावसभावाला काय दिसेना म्हणून त्यानं आडोशाला बसून दोन सेकंद मास्क वर केला. त्याच वेळी पलीकडनं मी मारलेली गोळी त्याच्या डोळ्याच्या खालच्या हाडावर बसली. मऊ गोळी होती म्हणून लाल होऊन राहिलं, एअरसॉफ्टची असती आणि बोटभर वर लागली असती तर काय झालं असतं ते मी आजही विचार करून झोपू शकत नाही. मावशीला तोंड कसं दाखवणार होतो मी. त्या दिवसापासनं कोणालाही दिसेनासं झालं की तो "मास्क" एवढंच ओरडतो आणि सगळा खेळ जिथल्या तिथं थांबतो, सगळ्यांच्या बंदुका जमिनीकडे, तो बाहेर जाऊन पुसून येईपर्यंत. साधा काळा गॉगल घालून कोणी आला तर त्याला खेळवत नाही, सगळ्या बाजूनं बंद असलेलाच पाहिजे. वाफेसाठी भांड्याचा साबण काचेला आतनं बोटानं चोळायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढायचा, तासभर तरी टिकतं.

गावात एक बंद पडलेलं कोंबड्यांचं शेड आहे, मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळं तिथं गेलो. खोल्या आणि कोपरे. दारातनं एकदम आत घुसायचं नाही, दारापासनं जरा लांब राहून अर्धगोल चालत चालत आतला एकेक भाग नजरेखाली घ्यायचा, भाकरीचा एकेक तुकडा मोडल्यासारखा. खडूनं जमिनीवर रेघा मारून हे शेकडो वेळा केलं. भिंतीला चिकटून उभं राहिलं की जास्त सुरक्षित वाटतं, तसं नसतं, चिकटलेल्या माणसाला फारच थोडं दिसतं आणि त्याचा खांदा नाहीतर बंदुकीचं तोंड आधी बाहेर येतं. याच्याबद्दल अजून पुष्कळ लिहिता येईल, खरं शेडमध्ये आम्ही अजून कच्चे आहोत, आमचं खरं बळ शेतात.

मे महिन्यात वळीव सुरू व्हायच्या आधी परत पुण्याला गेलो, तेच मैदान, तीच टीम. ताईंना आधीच फोन करून ठेवलेला. पहिला राउंड झेंड्याचा होता, वीस मिनिटांचा. आम्ही दोन-दोनच्या चार जोड्या, दोन जोड्या ओढ्याच्या कडेनं, एक मधनं, एक मागं. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं गोळीच मारली नाही, नुसतं बघत बघत सरकलो. मेडिकलवाल्यानं पहिल्यांदा बघितलं, "टिकाव, डावा, तिघं", आणि तिकडनं तेवढ्याच आवाजात "डावा" आलं, आणि माझ्या छातीत काय झालं ते मला लिहिता येत नाही. कोणी वळून बघितलं नाही. मी समोर बघत होतो, मागनं गोकाकच्या पोराची पावलं ऐकू आली, एक दोन तीन चार, मग धप्प, मग "आलो". मग मी उठलो. झेंडा भाकरनं आणला. आमचे आठातले पाच शिल्लक होते.

दुसरा राउंड हरलो, त्यांनी आमचे शब्द ऐकून घेतलेले. त्यातली एक मुलगी बल म्हणजे काय ते दोनदा ऐकून ओळखून बसलेली, तिसऱ्यांदा भाकर तिकडे पोचायच्या आधी ती तिथं बंदूक रोखून होती. तिसऱ्यात बराच वेळ बरोबरी होती. शेवटी आम्ही चौघं एका खड्ड्याच्या कडेला फार पुढं गेलो, दोन्हीकडनं ते आले, मला कळत होतं की मागं सरकायला पाहिजे आणि मागं सरकायला आमच्याकडे शब्दच नव्हता. सहा महिन्यांत एकदाही मागं जाण्याचा सराव केलेला नाही हे मला तिथं खड्ड्यात बसून कळलं. मी "मागं मागं" ओरडलो, पोपटला वाटलं मागं बघ म्हणतोय, तो वळला आणि पाठीत घेऊन बसला. त्यानं लगेच हात वर केला, "लागली", आणि गेला.

मामांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते काजूच्या बिया वाळत घालत होते. म्हणाले, माघार ही सगळ्यात अवघड, ती मी शेवटी शिकवणार होतो, तुम्ही आधीच पळालात पुण्याला. पावसाळाभर शेतात जाता येणार नाही, चिखल आणि रोप लावणी, म्हणून सध्या शब्दावरच काम चालू आहे. माघार हा शब्द लांब आहे आणि शेवटचा र मास्कमध्ये विरतो. परत म्हणून बघितलं, ते "सरळ" असं ऐकू येतं. गोकाकच्या पोरानं हिंदे सुचवलं, कन्नडात मागं. चांगलं आहे, खरं मग मुंदे म्हणजे पुढं हा शब्द कधीच वापरता येणार नाही, दोन्ही साठ पावलांवर एकच ऐकू येतात. आणि पुण्याच्या त्या मुलीनं बल ओळखलंय, ते पण बघायला लागणार. ह्या रविवारी शेडच्या पत्र्याखाली, वर पाऊस वाजत असताना, वही घेऊन परत एकदा मोजणार आहे.